रूटचा पासवर्ड हरवला तर: मशीन न पुसता पुन्हा आत शिरण्याचा मार्ग

काळ्या पडद्यावर 'लॉगिन इनकरेक्ट' तिसऱ्यांदा उमटलं की पोटात गोळा येतो. मशीन चालू असतं, डेटा जागच्या जागी असतो, फक्त रूटची, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या मुख्य खात्याची, किल्ली हातात नसते. पासवर्ड ज्याला माहीत होता तो माणूस नोकरी सोडून गेलेला असतो, किंवा सहा महिन्यांपूर्वी 'लक्षात राहील' म्हणून तो कुठे लिहूनच ठेवलेला नसतो. अशा वेळी 'सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करू' हा विचार फार लवकर मनात येतो. कृपा करून तो बाजूला ठेवा. लिनक्स असो, फ्रीबीएसडी असो की मॅक, मशीन तुमच्यासमोर असेल आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल (किंवा असली तरी तिचा पासफ्रेज, म्हणजे ती उघडणारा लांब पासवर्ड, माहीत असेल), तर डेटाला धक्का न लावता नवा पासवर्ड बसवता येतो. हाताला सवय असेल तर दहा मिनिटांचं काम, नसेल तर अर्ध्या तासाचं.

मशीन मात्र तुमचं स्वतःचं किंवा रीतसर तुमच्या जबाबदारीत दिलेलं हवं. दुसऱ्याच्या वतीने काम करत असाल तर लेखी संमती घ्या, मगच कीबोर्डला हात लावा.

या लेखात कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. स्पेलिंगचा घोटाळा होईल असं वाटलं तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. सगळ्यात जास्त लागणारी कमांड आत्ताच सांगतो: पासडब्ल्यूडी, म्हणजे पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी. 'वर्ड'मधले ओ आणि आर तिच्यात नाहीत.

## पासवर्ड शोधायचा नाही, बदलायचा

युनिक्स घराण्यातल्या या सिस्टिम तुमचा पासवर्ड जसाच्या तसा कुठेच साठवत नाहीत. लिनक्सवर /ईटीसी/शॅडो नावाच्या फाइलमध्ये प्रत्येक खात्याची एक ओळ असते, कोलनने तोडलेले नऊ रकाने. पहिल्यात खात्याचं नाव, दुसऱ्यात पासवर्डचा हॅश (त्यावरून गणिताने काढलेली अक्षरांची माळ), तिसऱ्यात तो शेवटचा कधी बदलला ते, १ जानेवारी १९७० पासूनच्या दिवसांत मोजून. हॅशची सुरुवात $६$ अशी दिसली तर तो एसएचए-५१२ चा, $वाय$ अशी दिसली तर येसक्रिप्टचा. हॅशवरून उलटं जाऊन मूळ पासवर्ड काढता येत नाही, आणि हे मुद्दाम तसं केलेलं आहे. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्सच्या पासवर्ड सुरक्षेवर जो निबंध लिहिला, त्यात प्रत्येक पासवर्डमध्ये १२ बिटांचं 'सॉल्ट' (यादृच्छिक जोड) मिसळण्याची पद्धत वर्णन केली आहे. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश सहसा वेगळा निघतो. आजच्या पद्धती त्याच कल्पनेवर उभ्या आहेत, फक्त कितीतरी पटींनी कडक.

म्हणून 'पासवर्ड रिकव्हरी' म्हणतो ते प्रत्यक्षात जुना हॅश काढून तिथे नवा ठेवणं असतं. हे नीट समजून घ्या, कारण यातूनच पुढचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न निघतो: जुन्या पासवर्डने अजून काय काय उघडत होतं? रूटच्या बाबतीत बहुधा काहीच नाही. पण साध्या यूजरचा पासवर्ड बदलत असाल तर ग्नोम या डेस्कटॉपची किल्ल्यांची पेटी (कीरिंग) जुन्याच पासवर्डने बंद राहते. काही जुन्या उबंटू मशीनवर होम फोल्डर ई-क्रिप्ट-एफएसने एन्क्रिप्ट केलेला असतो. तिथे बाहेरून पासवर्ड बदलला तर लॉगिन होतं, पण होम उघडत नाही. इन्स्टॉल करताना त्या फोल्डरचा वेगळा पासफ्रेज लिहून ठेवायला सांगितलेलं असतं, तो आधी शोधा.

आणि पूर्ण डिस्कच लक्स पद्धतीने एन्क्रिप्ट केली असेल, तर तिचा पासफ्रेज ही वेगळी गोष्ट आहे. तो विसरला असाल तर खालचा कोणताही उपाय चालणार नाही. लक्समध्ये एकाच डिस्कला अनेक किल्ल्या लावता येतात, जुन्या आवृत्तीत ८ आणि नव्या आवृत्तीत ३२ पर्यंत. म्हणून सेटअपच्या वेळी दुसऱ्या कोणी आपला पासफ्रेज घातला होता का, एखादी की-फाइल पेनड्राइव्हवर ठेवली होती का, एवढंच विचारून बघता येतं.

## खरंच हरवलाय का?

हा भाग घाईत सुटतो आणि मग विनाकारण चालता सर्व्हर बंद पाडला जातो. पाच मिनिटं इथे घाला.

कॅप्स लॉक आणि नम लॉक तर बघालच. त्याहून फसवा प्रकार म्हणजे कीबोर्डचा लेआउट. ग्राफिकल लॉगिनला एक लेआउट आणि टेक्स्ट कन्सोलला दुसरा असू शकतो. पासवर्डमध्ये ॲट, हॅश किंवा कोट असं चिन्ह असेल तर दोन्हीकडे एकच बटण दाबूनही वेगळं अक्षर जातं. सोपी परीक्षा अशी: यूजरनेमच्या जागी पासवर्ड टाइप करा, एंटर न दाबता. तिथे अक्षरं दिसतात. बघून झालं की पुसून टाका.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करण्याच्या सोयीने) 'रूट' म्हणून जाताना पासवर्ड नाकारला जात असेल, तर पासवर्ड बरोबर असण्याचीही चांगलीच शक्यता आहे. ओपनएसएसएच ७.० पासून, म्हणजे २०१५ पासून, रूटला पासवर्डने आत न घेणं हीच मूळ सेटिंग आहे. तिथे फक्त की (किल्लीची फाइल) चालते. दुसऱ्या यूजरने आत जाऊन 'सु -' (रूट होण्याची कमांड) करून बघा.

उबंटूवर रूटचं खातं इन्स्टॉल झाल्यापासूनच बंद असतं. तिथे रूटचा पासवर्ड कधी ठेवलेलाच नसतो, त्यामुळे तो हरवण्याचा प्रश्न येत नाही. तुमचा हरवलेला पासवर्ड म्हणजे पहिल्या यूजरचा, जो 'सुडो' गटात, म्हणजे रूटचे अधिकार वापरू शकणाऱ्यांच्या गटात, आहे.

शेवटची शक्यता: बऱ्याच चुकांमुळे खातं तात्पुरतं बंद झालेलं असू शकतं. फेललॉक नावाचं मॉड्यूल चालू असेल तर त्याच्या मूळ सेटिंगनुसार ३ चुकांनंतर खातं ६०० सेकंद बंद राहतं, आणि त्या काळात अगदी अचूक पासवर्डही नाकारला जातो. दहा-बारा मिनिटं हात लावू नका, मग एकदाच, सावकाश प्रयत्न करा.

## रीबूट करायच्या आधी उघडं दार शोधा

रूटचं एखादं सत्र कुठे उघडं राहिलंय का? स्क्रीन किंवा टीमक्स या टर्मिनल उघडं ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, दुसऱ्या कन्सोलवर, सहकाऱ्याच्या लॅपटॉपवर? असेल तर तिथे फक्त 'पासडब्ल्यूडी' टाइप करा. रूट स्वतःचा पासवर्ड बदलतो तेव्हा जुना विचारला जात नाही.

ज्याला सुडो चालतं असा एक यूजर असला तरी काम संपलं:

सुडो पासडब्ल्यूडी रूट

सु आणि सुडो यांत गल्लत होते म्हणून सांगतो. 'सु' रूटचा पासवर्ड मागतं, 'सुडो' तुमचा स्वतःचा. रूटचा हरवला असेल तर सु निरुपयोगी, सुडो नाही. सुडोच 'सुडोअर्स' फाइलमधल्या चुकीमुळे अडलं असेल, तर डेस्कटॉप मशीनवर 'पीकेएक्झेक व्हायसुडो' ही कमांड बहुधा वाट काढून देते.

यातलं काहीच नसेल तरच रीबूटकडे वळा. सर्व्हरवर डेटाबेस चालू असेल तर तो वापरणाऱ्यांना आधी कळवा. व्हर्च्युअल मशीन असेल तर आधी स्नॅपशॉट घ्या, नंतर पश्चात्ताप नको.

## मुख्य मार्ग: ग्रबमधून थेट बॅश

मशीन चालू झाल्यावर बूटलोडर (लिनक्सवर बहुधा ग्रब) कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, चढवतो, आणि कर्नल सगळ्यात पहिला प्रोग्राम चालवतो तो 'इनिट'. लॉगिनचा पडदा, पासवर्डची चौकशी, हे सगळं त्या इनिटनंतर येतं. आपण कर्नलला सांगणार आहोत की या एका वेळेपुरता इनिटच्या जागी बॅश, म्हणजे कमांड घेणारा शेल, चालव. मग चौकशी करणारं कोणी उरतच नाही, आणि समोर येतो तो रूटचाच शेल.

१. मशीन सुरू करा आणि ग्रबचा मेनू आणा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, यूईएफआयवर एस्केप दाबा. एस्केप एकदाच दाबा. जास्त वेळा दाबलं तर मेनूऐवजी 'ग्रब>' असा प्रॉम्प्ट येऊ शकतो. तसं झालं तर 'नॉर्मल' टाइप करून एंटर आणि लगेच एकदा एस्केप.

२. पहिल्या ओळीवर थांबून 'ई' दाबा. एक एडिटर उघडेल. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. काही जुन्या सिस्टिमवर ती 'लिनक्स१६' किंवा 'लिनक्सईएफआय' अशी सुरू होते. त्या ओळीत 'रूट=' असंही लिहिलेलं दिसेल. त्याचा रूट यूजरशी संबंध नाही. मूळ फाइलसिस्टिम कोणत्या पार्टिशनवर आहे ते तिथे सांगितलेलं असतं. त्याला हात लावू नका.

३. त्याच ओळीत सुटा 'आरओ' असेल. तो काढून 'आरडब्ल्यू' करा. आरओ म्हणजे फक्त वाचण्यापुरतं, आरडब्ल्यू म्हणजे वाचणं आणि लिहिणं. 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे शब्द पुसा, म्हणजे काय चाललंय ते पडद्यावर दिसेल. 'कन्सोल=टीटीवायएस०' असं काही असेल तर तेही काढा, नाहीतर शेल सीरियल पोर्टवर उघडतो आणि तुमच्यासमोर फक्त काळा पडदा राहतो. व्हर्च्युअल मशीनवर हे हमखास होतं.

४. ओळीच्या अगदी शेवटी एक जागा सोडून हे लिहा:

इनिट=/बिन/बॅश

इनिटचं स्पेलिंग आय-एन-आय-टी, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा नाही.

५. कंट्रोल आणि एक्स, किंवा एफ१०. मशीन बूट होईल. हा बदल याच एका बूटपुरता असतो, डिस्कवर कुठेही लिहिला जात नाही. त्यामुळे इथे चूक झाली तर घाबरू नका, मशीन बंद करून पुन्हा पहिल्यापासून करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर शेल येण्याआधी तिचा पासफ्रेज विचारला जाईल.

६. शेवटी हॅशचं चिन्ह असलेला प्रॉम्प्ट येईल. 'नो जॉब कंट्रोल इन धिस शेल' अशी ओळ दिसेल, ती निरुपद्रवी आहे. फक्त एवढं लक्षात घ्या की इथे कंट्रोल-सी चालत नाही, म्हणून न थांबणारी कुठलीही कमांड सुरू करू नका.

७. खात्रीसाठी फाइलसिस्टिम लिहिता येईल अशी पुन्हा माउंट करा, म्हणजे जोडा:

माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /

८. आता पासवर्ड:

पासडब्ल्यूडी रूट

दुसऱ्या यूजरचा बदलायचा असेल तर रूटच्या जागी त्याचं नाव. नाव आठवत नसेल तर 'एलएस /होम' करून बघा. इथे कीबोर्ड बहुतेक वेळा अमेरिकन लेआउटवर असतो, म्हणून आत्ता चिन्हं नसलेला, फक्त लहान अक्षरांचा लांब तात्पुरता पासवर्ड ठेवा. लॉगिन झाल्यावर नेहमीच्या लेआउटवर पक्का ठेवता येतो. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. ते तसंच असतं.

'ऑथेंटिकेशन टोकन मॅनिप्युलेशन एरर' असं उत्तर आलं तर नव्वद टक्के वेळा कारण एकच: पायरी ७ राहिली किंवा फसली, आणि फाइलसिस्टिम अजून फक्त वाचण्यापुरतीच आहे. तरीही अडलं तर डिस्क शंभर टक्के भरलीय का ते 'डीएफ' कमांडने बघा. नवी शॅडो फाइल लिहायला जागाच नसेल तर पासवर्ड बदलणार कसा?

९. 'सिंक' (एस-वाय-एन-सी) टाइप करून एंटर, म्हणजे बदल डिस्कवर पक्का लिहिला जाईल. मग:

एक्झेक /एसबिन/इनिट

एक्झेकचं स्पेलिंग ई-एक्स-ई-सी. इथे 'एक्झिट' टाइप करायचं नाही. हा बॅश इनिटच्या खुर्चीत बसलेला आहे. तो उठला की कर्नल 'अटेम्प्टेड टु किल इनिट' म्हणत पॅनिक होतो. साधं 'रीबूट'ही चालत नाही, कारण ते ऐकणारा सिस्टिमडी (नेहमीचा इनिट) सुरूच झालेला नाही. 'रीबूट -एफ' मात्र चालतं.

उबंटूवर याहून सोपी वाटही आहे. ग्रबमधल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'रिकव्हरी मोड' असतो, त्यात 'रूट' निवडला की शेल मिळतो. तिथेही आधी पायरी ७ करा, मग ८. डेबियनवर हीच वाट रूटचा पासवर्ड मागते किंवा खातं बंद असल्याचं सांगून अडवते, म्हणून मी थेट बॅशचाच मार्ग धरतो.

## रेड हॅट, फेडोरा आणि त्यांची भावंडं

इथे थोडी वेगळी रीत आहे, आणि ती न पाळल्याचा त्रास मी स्वतः भोगलाय. रात्री उशिरा एका सर्व्हरचा पासवर्ड बदलला, सगळं सुरळीत झालं, रीबूट केलं, आणि नवा पासवर्ड नाकारला गेला. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. तिसऱ्या फेरीत तर आपण पासवर्ड नीट टाइप करतोय का, यावरचाच विश्वास उडाला होता. पासवर्ड बरोबर होता. अडचण एसईलिनक्सच्या लेबलची होती.

एसईलिनक्स हा सुरक्षेचा पहारेकरी प्रत्येक फाइलला एक लेबल लावतो आणि कोणत्या प्रोग्रामने कोणतं लेबल वाचायचं ते ठरवतो. पासडब्ल्यूडी कमांड शॅडो फाइल जागेवर खोडत नाही. ती नवी फाइल तयार करून जुनीच्या जागी ठेवते. एसईलिनक्स सुरू होण्याआधी हे झालं तर नव्या फाइलला योग्य लेबल मिळत नाही, आणि लॉगिन करणाऱ्या प्रोग्रामला ती वाचताच येत नाही. म्हणून इथे एक जास्तीची फाइल तयार करावी लागते.

ग्रबमध्ये वरच्यासारखंच 'ई' दाबून लिनक्सच्या ओळीच्या शेवटी हे जोडा:

आरडी.ब्रेक

कंट्रोल-एक्सने बूट करा. 'स्विच_रूट' असा प्रॉम्प्ट येईल. कुठे 'मेन्टेनन्ससाठी एंटर दाबा' अशी ओळ आली तर एंटर दाबा. खरी सिस्टिम या क्षणी /सिसरूट या फोल्डरखाली, फक्त वाचण्यापुरती जोडलेली असते. आता क्रमाने:

माउंट -ओ रिमाउंट,आरडब्ल्यू /सिसरूट

सीएचरूट /सिसरूट

पासडब्ल्यूडी

टच /.ऑटोरीलेबल

सीएचरूटचं स्पेलिंग सी-एच-आर-ओ-ओ-टी. तुमची खरी सिस्टिमच मूळ फोल्डर आहे असं मानून चाल, असं ती शेलला सांगते. शेवटच्या कमांडमध्ये तिरक्या रेघेनंतरचा टिंब विसरू नका आणि ऑटोरीलेबल एकसंध लिहा. 'बॅड पासवर्ड' असा इशारा आला तरी रूटसाठी तो इशाराच असतो, पासवर्ड बदलला जातो. मग दोनदा 'एक्झिट'. इथे एक्झिट चालतं, कारण हा शेल इनिटच्या जागी बसलेला नाही.

पुढच्या बूटमध्ये मशीन सगळ्या फाइलींना पुन्हा लेबल लावतं आणि मग स्वतःहून आणखी एकदा रीबूट होतं. छोट्या डिस्कवर हे काही मिनिटांत आटपतं. लाखो फाइली असतील तर बराच वेळ लागतो आणि पडदा अडकल्यासारखा वाटतो. वीज तोडू नका, चालू द्या. एवढा वेळ हातात नसेल तर दुसरी युक्ती आहे: ग्रबमध्ये आरडी.ब्रेकसोबत 'एनफोर्सिंग=०' लिहा, टचची पायरी गाळा, लॉगिन झाल्यावर 'रिस्टोरकॉन /ईटीसी/शॅडो' चालवा आणि मग 'सेटएनफोर्स १'. फक्त एका फाइलचं लेबल दुरुस्त होतं, काम सेकंदात संपतं. शेवटची कमांड विसरलात तर पुढच्या रीबूटपर्यंत एसईलिनक्स फक्त नोंदी करत राहील, अडवणार काहीच नाही.

आरडी.ब्रेकच पासवर्ड मागू लागलं तर इनिट=/बिन/बॅशवर जा. लेबलची पायरी तिथेही करायचीच.

## ग्रबलाच कुलूप असेल तर: लाइव्ह यूएसबी

काही ठिकाणी ग्रबच्या 'ई' बटणाला पासवर्ड लावलेला असतो. कधी बूटलोडरच बिघडलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून आतली डिस्क बाहेरून दुरुस्त करायची. ६४ बिटांच्या सिस्टिमसाठी ६४ बिटांचाच पेनड्राइव्ह घ्या, नाहीतर सीएचरूट करताना 'एक्झेक फॉरमॅट एरर' येतो.

एक धोका आधी सांगतो. लॅपटॉप हायबरनेट करून बंद केलेला असेल तर त्याची डिस्क बाहेरून लिहिण्यासाठी माउंट करू नका. झोपलेल्या सिस्टिमला डिस्कची जुनी अवस्था आठवत असते. ती जागी झाल्यावर दोन्हींचा मेळ बसत नाही आणि फाइलसिस्टिम बिघडते.

लाइव्ह सिस्टिम सुरू झाली की टर्मिनल उघडून 'सुडो -आय' करा आणि मग:

एलएसबीएलके -एफ

कोणत्या पार्टिशनवर कोणती फाइलसिस्टिम आहे त्याची यादी मिळेल. समजा मूळ फाइलसिस्टिम एसडीए२ वर आहे:

माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी

एलएस /एमएनटी/ईटीसी/शॅडो

दुसऱ्या कमांडने फाइल दाखवली तर जागा बरोबर आहे. नाही दाखवली तर पार्टिशन चुकलंय. फाइलसिस्टिम बीटीआरएफएस प्रकारची असेल आणि आत फक्त ॲटच्या चिन्हाने सुरू होणारे फोल्डर दिसले, तर अनमाउंट करून '-ओ सबव्हॉल=@' जोडून पुन्हा माउंट करा. एलव्हीएम (डिस्कचे आभासी भाग करण्याची पद्धत) असेल तर आधी 'व्हीजीचेंज -एवाय'. लक्स असेल तर त्याही आधी 'क्रिप्टसेटअप ओपन' आणि पासफ्रेज. मग:

सीएचरूट /एमएनटी /बिन/बॅश

पासडब्ल्यूडी रूट

एक्झिट

एसईलिनक्सवाली सिस्टिम असेल तर 'टच /एमएनटी/.ऑटोरीलेबल'. शेवटी 'यूमाउंट /एमएनटी' (यू-एम-ओ-यू-एन-टी, पहिल्या यूनंतर एन नाही), पेनड्राइव्ह काढा, रीबूट. बायोसलाही पासवर्ड असेल आणि तो पेनड्राइव्हवरून बूट होऊ देत नसेल, तर डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडून हेच करता येतं.

## बाकीच्यांचं थोडक्यात

फ्रीबीएसडीच्या बूट मेनूत २ दाबला की सिंगल यूजर मोड येतो. शेलचा पत्ता विचारल्यावर नुसता एंटर. मग 'माउंट -यू /', 'माउंट -ए' (फाइलसिस्टिम झेडएफएस असेल तर 'झेडएफएस माउंट -ए' सुद्धा), 'पासडब्ल्यूडी रूट', 'एक्झिट'. /ईटीसी/टीटीवायएस फाइलमध्ये कन्सोलला 'इनसिक्युअर' लिहिलेलं असेल तर इथेही पासवर्ड मागितला जातो. मग लाइव्ह यूएसबीच. ओपनबीएसडीवर बूट प्रॉम्प्टला 'बूट -एस', मग 'एफएससीके -पी /', 'माउंट -यूडब्ल्यू /', आणि पासडब्ल्यूडी कमांड /यूएसआरमध्ये असल्यामुळे 'माउंट /यूएसआर' करायला विसरू नका.

मॅकवर रिकव्हरीत जायचं: इंटेलच्या मशीनवर कमांड आणि आर धरून, ॲपलच्या चिपवर पॉवरचं बटण दाबून धरून. तिथल्या टर्मिनलमध्ये 'रिसेटपासवर्ड', एकसंध शब्द. फाइलव्हॉल्ट (मॅकचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर रिकव्हरी कीसारखा काही पुरावा लागतोच. लॉगिनची जुनी कीचेनही नव्या पासवर्डने उघडत नाही.

रास्पबेरी पायला ग्रब नसतो. त्याचं कार्ड काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, बूट पार्टिशनमधली 'सीएमडीलाइन.टीएक्सटी' उघडा आणि त्याच एका ओळीच्या शेवटी 'इनिट=/बिन/एसएच' लिहा. फाइलमध्ये दुसरी ओळ तयार होता कामा नये. पासवर्ड बदलून झाला की हे लिहिलेलं काढायचंही असतं, कारण ग्रबसारखं ते एका बूटपुरतं नाही.

व्हर्च्युअल मशीनची डिस्क फाइल हातात असेल तर 'व्हर्ट-कस्टमाइझ' बाहेरूनच पासवर्ड बदलतो, पण मशीन पूर्ण बंद असताना. चालू मशीनच्या डिस्कवर ते चालवलं तर डेटा खराब होतो. क्लाउडवर डिस्क सोडवून दुसऱ्या मशीनला जोडा आणि लाइव्ह यूएसबीचीच कृती करा. विंडोजमधल्या डब्ल्यूएसएलवर यातलं काहीच लागत नाही: पॉवरशेलमध्ये 'डब्ल्यूएसएल -यू रूट' म्हटलं की रूटचा शेल समोर, तिथून यूजरचा पासवर्ड बदला.

## आत आल्यावर

लॉगिन झालं की लगेच उठू नका. 'पासडब्ल्यूडी -एस रूट' चालवा. उत्तरात 'पी' किंवा 'पीएस' आलं तर पासवर्ड बसलाय, 'एल' किंवा 'एलके' आलं तर खातं अजून बंद आहे आणि 'पासडब्ल्यूडी -यू रूट'ने उघडावं लागेल. फेललॉकचा संशय असेल तर 'फेललॉक --यूजर' पुढे नाव आणि '--रिसेट'. पासवर्डची मुदत संपलीय का ते 'चेज -एल' (सी-एच-ए-जी-ई) सांगतं.

आता तात्पुरता पासवर्ड काढून पक्का ठेवा. ग्नोमची कीरिंग जुना पासवर्ड मागत राहिली आणि तो खरंच आठवत नसेल, तर जुनी 'लॉगिन' कीरिंग काढून नवी तयार करावी लागते. तिच्यातले वायफाय आणि ॲपचे साठवलेले पासवर्ड त्यासोबत जातात. हे यूजरला आधी सांगा, नंतर नव्हे. आणि पासवर्ड हरवला नव्हता, कोणीतरी बदलला होता, अशी थोडी जरी शंका असली तर 'लास्ट' आणि 'लास्टबी' या दोन कमांडनी कोण कधी आत आलं आणि कोणाला नकार मिळाला ते वाचा, रूटच्या 'ऑथराइझ्ड_कीज' फाइलमध्ये अनोळखी की आहे का बघा.

एवढ्या सहज आपण आत आलो, तसा मशीनपर्यंत पोचणारा कोणीही येऊ शकतो. ग्रबला पासवर्ड लावल्याने वाट जरा लांबते, एवढंच. डिस्क काढून नेणाऱ्याला तो अडवत नाही. खरं कुलूप पूर्ण डिस्कच्या एन्क्रिप्शनचंच. ते लावाल तेव्हा दुसऱ्या किल्लीच्या जागेत आणखी एक पासफ्रेज घाला आणि तो कागदावर लिहून पाकिटात बंद करून ठेवा. सर्व्हरवर सुडो चालणारी किमान दोन माणसं ठेवा.

हे सगळे बदल करताना रूटचं एक सत्र उघडंच राहू द्या. दुसऱ्या टर्मिनलमधून नव्या पासवर्डने लॉगिन करून बघा, सुडोही चालवून बघा, आणि दोन्ही जमलं की मगच ते पहिलं सत्र बंद करा.